बाटली आली, घंटा तिकडेच राहिली



व्याख्यानमालेत दारूचा विषय म्हटल्यावर आपल्यापैकी काहींनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिले असेल. निर्धास्त असा. मी कुणाला प्या म्हणणार नाही आणि शपथही घालणार नाही. आपल्या मराठी घरांत हा विषय एरवी दोनच प्रकारे निघतो : दुसऱ्याच्या मुलाबद्दल, नाहीतर दार लावून. आज तो उजेडात काढू, आणि सोयीसाठी जरा लांबून, इंग्लंडातून, सुरुवात करू.

इंग्रजांचा पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सर्वांचे घर. आपल्याकडे जे काम पार, चहाची टपरी आणि आठवडी बाजार मिळून करतात, ते तिथे पब एकटा करतो. त्याच्या दोन रीती ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ‘राउंड’ची. चौघे बसले तर एकाने चौघांचे आणायचे, मग दुसऱ्याने. आपली पाळी चुकवणाऱ्याची आठवण गाव वर्षानुवर्षे ठेवते. दुसरी रीत घंटेची. बंद व्हायच्या आधी मालक घंटा वाजवतो. शेवटचे काय ते मागून घ्या, असा तिचा अर्थ. नंतर पुन्हा इशारा झाला की उठायचे.

इंग्रज जन्मतःच शहाणे होते असे मात्र समजू नका. अठराव्या शतकात जिनने लंडनची इतकी वाताहत केली की सरकारला एकामागून एक कायदे करावे लागले, आणि होगार्थ या चित्रकाराने १७५१ मध्ये त्या दुर्दशेचे प्रसिद्ध चित्र काढले. पहिल्या महायुद्धात कारखान्यांतले कामगार झिंगू नयेत म्हणून दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम आला. युद्ध चार वर्षांत संपले, दुपारची बंदी १९८८ पर्यंत राहिली. १९१५ मध्ये तर लंडनसह अनेक भागांत दुसऱ्याला पाजणे हाच गुन्हा ठरला. म्हणजे स्वतःच्या पैशाने प्या, पण मित्राला पाजलीत तर दंड!

पबमध्ये पिण्याहून बोलणे जास्त, आणि बोलण्यात वाद जास्त. या वादांतूनच एक पुस्तक जन्मले. १९५१ मध्ये गिनेस या बिअर कंपनीचे प्रमुख सर ह्यू बीव्हर आयर्लंडमध्ये शिकारीला गेले होते. युरोपातला सर्वांत वेगवान शिकारीचा पक्षी कोणता, यावर तिथे वाद झाला आणि उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडेना. असले वाद रोज रात्री पबांतून होत असतील, हे त्यांच्या लक्षात आले. १९५५ मध्ये ‘गिनेस बुक’ची पहिली आवृत्ती निघाली. ज्या पुस्तकातले विक्रम आपण मुलांना सामान्यज्ञान म्हणून पाठ करायला लावतो, त्याचे बारसे बिअरवाल्यांनी केले आहे. मुलांना हे सांगायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे पबांमध्ये दर आठवड्याची प्रश्नमंजूषा रूढ झाली : एक टेबल म्हणजे एक संघ, हातात कागद-पेन्सिल, आणि सिनेमा, फुटबॉल, राजघराणे, गाणी यांवरचे प्रश्न. तिकडची ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका १९६० पासून चालू आहे, आणि तिच्यातल्या गल्लीची निम्मी भांडणे पबात होतात. आपल्या मालिकांतली स्वयंपाकघरात होतात, एवढाच फरक.

आता आपल्याकडे वळू. इंग्रज आले, त्यांच्यामागून बाटली आली. घंटा, राउंड आणि प्रश्नमंजूषा मात्र बोटीत चढल्याच नाहीत. आपण बाटली ठेवून घेतली आणि तिला एक अजब नाव दिले : ‘भारतात बनवलेली विदेशी दारू’. कारखाना इथला, मळी इथली, पिणारा इथला. विदेशी काय, तर प्रतिष्ठा. नदीपलीकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, आणि नियमाने पिणाऱ्याला परवाना लागतो. तो आरोग्य राखण्यासाठी असतो म्हणे. इतके आजारी लोक इतक्या आनंदात दुसरीकडे कुठे दिसणार नाहीत.

पण त्याच इंग्रज सरकारने १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती फुले गोळा करण्यावर आणि जवळ ठेवण्यावरच निर्बंध आले. फूल हे अन्नही आहे, दुष्काळात पोट भरते, याचा विचार आबकारीच्या हिशेबापुढे टिकला नाही. आपला मुलूख निजामाचा. पण आबकारी हे त्याच्याही तिजोरीचे मोठे उत्पन्न होते. जंगलातल्या झाडाखाली पडलेल्या फुलाचा मालक कोण, हा प्रश्न इथेही तसाच उभा राहिला.

उटनूर-इंद्रवेल्लीच्या गोंड वस्तीत मोहाचा पहिला थेंब देवाला आणि पूर्वजांना जातो, मग माणसांना. लग्न असो, मर्तिक असो, सण असो, पिणे चारचौघांत होते. म्हणजे पबचा जो गुण म्हणून आपण कौतुकाने सांगतो, तो आपल्या शेजाऱ्याकडे आधीपासून होता. आपण मात्र त्याला ‘दारूडा’ म्हणतो आणि आपल्या घरच्या बंद खोलीतल्या विदेशी बाटलीला ‘सोशल’ म्हणतो. हा दुटप्पीपणा आपण तीन-चार पिढ्या सांभाळला आहे. त्याच उटनूरच्या आदिवासी बाया आज मोहाच्या फुलांचे लाडू करून विकतात. फूल तेच आहे. आपण त्याच्याकडे कसे पाहतो, ते बदलायचे आहे.

मोहाने घरे मोडत नाहीत, असे मी म्हणणार नाही. मोडतात. गुडुंब्याने मोडतात, बेल्ट शॉपच्या बाटलीने मोडतात आणि बंद खोलीतल्या विदेशीनेही मोडतात. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून सुधाकर आपल्या परिचयाचा आहे. त्यातल्या तळीरामाने ‘आर्य मदिरा मंडळ’ काढले, यावर आपण आजही हसतो, कारण मंडळ काढल्याशिवाय मराठी माणसाला काहीच जमत नाही. पण त्या मंडळात एक उणीव होती : थांबा म्हणणारे कुणी नव्हते. ते म्हणण्याचे काम एकट्या सिंधूवर पडले, आणि घरातल्या एकटीचे कुणी ऐकले नाही.

सिंधूला साथ मिळाली ती आपल्याच तेव्हाच्या राज्यात, तीन पाव शतकांनी. नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात साक्षरता वर्गात बायका अक्षरे गिरवत होत्या. त्यांच्या पुस्तकात दारूने विस्कटलेल्या घराचा धडा होता. तो वाचून त्या बोलू लागल्या, आणि बोलता बोलता उठून गावातले दारूचे दुकान बंद करायला निघाल्या. हे १९९२ च्या सुमाराचे. १९९३ मध्ये आंध्र प्रदेशात सारा बंद झाली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ मध्ये सरकारने ती उठवली, कारण तिजोरीलाही तहान लागते. तरी त्या बायकांनी जे केले ते पुसले जात नाही. तीच आपली घंटा होती.

साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर हे सांगण्याचे कारण एवढेच, की ती घंटा एका वाचलेल्या धड्यातून वाजली. आपण दरवर्षी इथे जमतो, पुस्तकांवर बोलतो, टाळ्या वाजवतो. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात एखादी सिंधू एकटी ‘पुरे’ म्हणत असेल, तर तिच्या अंगणात चार माणसे जाऊन बसावीत. पबवाले निदान एकत्र बसायला चुकत नाहीत. तेवढे एक त्यांच्याकडून घेऊ.