स्वागताध्यक्षीय भाषण : राजधानी नसलेले गाव

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, जमलेले अभ्यासक आणि माझ्या नेवासेकरांनो,

प्रवरेच्या काठी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

नेवासे कधी राजधानी नव्हते. इथे सिंहासन नाही, तट-बुरुजांचा डौल नाही. पण माणसाने ही नदी सोडली नाही. १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासूनच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. दगडी हत्यारांच्या एका परंपरेला तर अभ्यासकांनी ‘नेवासीय’ असे आमच्या गावाचेच नाव दिले.

उद्या आपण लाडमोड टेकडीवर जाणार आहोत. तिथे घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मातीच्या कुंभांत, लहान मुलांची दफने सापडली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीन हजारांहून अधिक वर्षांनंतरही मण्यांतला धागा शिल्लक होता, आणि त्यात कापसासोबत रेशीमही आढळले! वरच्या, सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांची खापरे निघाली. म्हणजे आडगाव म्हणावे, तर सातासमुद्रापारचा माल इथे पोचत होता.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, इथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. माउली सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ज्या खांबाला टेकून माउली बसले असे आपण मानतो, त्या पैसाच्या खांबावर शिलालेख आहे. तो कोणा राजाच्या विजयाचा नाही, तर देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. पुढे होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी मोहिनीराजाचे मंदिर उभारले. आमच्या काळात मुळेच्या कालव्याने तालुक्यात ऊस आणला, तर जायकवाडीचे पाणी प्रवरासंगमापर्यंत चढले आणि तालुक्यातल्या काही गावांना उठावे लागले. त्या उठलेल्या गावांचा इतिहास मात्र अजून नीट लिहिला गेलेला नाही.

म्हणून यजमान या नात्याने एकच मागणे. राजवंशांवर निबंध जरूर वाचा. पण माळेत मणी ओवणारे, तेल देणारे, लिहून घेणारे आणि धरणासाठी घर सोडणारे, यांनाही या दोन दिवसांत जागा द्या. आमच्या घराघरांतली मोडी दप्तरे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तुमच्यासाठी खुल्या आहेत.

व्यवस्थेत काही उणे राहिले, तर हक्काने कान धरा. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत. जय हिंद, जय महाराष्ट्र!