शिशाची खिडकी आणि माझा दहा सेकंदांचा सल्ला

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज खिडकी पुसायची गोष्ट. हसू नका, ऐका आधी.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, जालन्याचाच. दहा वर्षं झाली, मुंबईत काचा साफ करायचं काम करतो. दोरीला लटकून, उंच इमारतींच्या. मी बीटेक, सध्या जालन्यात घरूनच काम. त्यामुळं घरात कुणाचं काही अडलं की फोन मला.

मागच्या हिवाळ्यात दादाचा फोन आला. "अरे, एका जुन्या बंगल्याचं काम घेतलंय. शिशाच्या खिडक्यांवर पांढरं आलंय, निघंना. काय लावू?"

आता आपल्या जालन्यात हिंदी-मराठीची खिचडी. काचेला आपण सर्रास शीशा म्हणतो. मी ऐकलं, काचेच्या खिडक्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग आपल्याकडं घरोघरी, आणि उपाय तोंडपाठ. मी मीटिंगमध्ये होतो. म्हणालो, "व्हिनेगर मार अन् पूस." दहा सेकंदांत विषय संपला.

पण दादा शीशा म्हणतच नव्हता. तो शिसं म्हणत होता. धातू!

अशा खिडकीत रंगीत काचेचे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच असते, त्यात काचेच्या कडा बसतात. सांध्यांना डाख दिलेला असतो आणि फटीत पुट्टी भरलेली. मुंबईत राजाबाई टॉवरच्या इमारतीत, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात, अशी रंगीत काच आहे. तो टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. सीएसएमटी स्टेशनच्या जुन्या इमारतीतही आहे. गेलात तर मान वर करून बघा.

शिसं इतकं मऊ की नखानं ओरखडा उठतो. आणि व्हिनेगर? जुन्या काळी युरोपात पांढरा रंग बनवायला शिसं व्हिनेगरच्या वाफेत ठेवायचे. त्यावर पांढरा थर चढायचा, तोच खरवडून रंग करायचे. म्हणजे मी डाग काढायला जे सांगितलं, ते डाग तयार करायचं साहित्य होतं!

वाचवलं ते दादाच्या सवयीनं. नवीन काही लावायचं तर तो आधी खाली कोपऱ्यात, बोटभर जागेवर लावून बघतो. व्हिनेगर लागताच पांढऱ्या पावडरीतून बुडबुडे आले. त्यानं लगेच साध्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसलं आणि मला व्हिडिओ कॉल लावला. "हे काचेवर नाही रे, पट्टीवर आहे." मला घाम फुटला. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्टिंगवर भाषणं देतो, आणि थेट प्रॉडक्शनवर सल्ला मी दिला होता.

मग मीटिंग सोडून दोन तास वाचत बसलो. आम्लाचं किंवा अमोनियाचं काही नको. पाण्याचा फवारा नको, जुनी पुट्टी सुटते. काचेवर रंगानं चित्र काढलेलं असेल आणि तो रंग सुटत असेल, तर हातच लावायचा नाही. बाकी ठिकाणी शुद्ध पाणी, कापूस, एकेक तुकडा. आणि दाबायचं नाही, नाहीतर अख्खी चौकट वाकते.

पण खरी धास्ती पुढं होती. ती पांढरी पावडर विषारी. कोरड्या फडक्यानं झटकली की हवेत उडते, कपड्यांवर बसते, घरी येते. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा करतं. त्याची सुरक्षित मात्रा अशी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दादाची पोरगी तीन वर्षांची. तो दारात आला की ती आधी त्याच्या शर्टाला मिठी मारते.

मी एवढंच म्हणालो, "दादा, आज घरी जायच्या आधी कपडे बदल." तो गप्प झाला. मग म्हणाला, "दोन दिवस झाले रे हेच कपडे घालून जायलोय."

वहिनीनं पोरीची रक्ततपासणी करून घेतली. काही निघालं नाही. तो रिपोर्ट येईपर्यंतचे तीन दिवस मात्र मी विसरणार नाही.

दादानं हातमोजे, मास्क आणले, फडकी ओली ठेवली. धड होत्या तेवढ्या खिडक्या साफ केल्या. दोन चौकटी फुगलेल्या होत्या. मालकाला सरळ सांगितलं, "हे माझं काम नाही, जाणकार माणूस बोलवा." त्याचे पैसे कापले गेले. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाला, "खिडकी शाबूत आहे ना? मग झालं."

मंडळी, तुमच्याही घरात तुम्हीच 'गूगल' असाल. पुढच्या वेळी फोन आला की उत्तर द्यायच्या आधी एकच विचारा, "नेमकं कशावर आहे? दाखव." माझे ते दहा सेकंद फार महागात पडले असते.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!