समान नागरी कायदा? आधी पत्रादेवीचा नाका ओलांडू या

आजचा विषय समान नागरी कायदा. थांबा, लगेच बंद करू नका. टीव्हीवरची भांडणं इथे नाहीत. आपण सरळ गोव्यात जाऊ या.

समजा, नाक्याच्या अलीकडे बांद्यात एक जोडपं आहे आणि पलीकडे पेडण्यात एक. दोन्हीकडे नवऱ्याने स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला, बायकोने घर, पोरं, सासू-सासरे सगळं बघितलं. पंधरा वर्षांनी दोन्ही जोडपी वेगळी झाली. बांद्यातल्या बाईला पोटगी मागता येते, पण फ्लॅटमध्ये आपोआप वाटा मिळत नाही. पेडण्यातली म्हणते, अर्धा माझा. आणि तो असतोच तिचा! लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिथे लग्न झाल्यापासून दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही.

माझ्या मावशीने बावीस वर्षं काकांचं दुकान सांभाळलं. संध्याकाळी गल्ला तीच मोजायची. वेगळी झाली तेव्हा तिच्या नावावर एक पासबुक होतं, बस्स. म्हणून हा विषय मला नुसता राजकारणाचा वाटत नाही.

गंमत म्हणजे गोव्याचा हा कायदा आपण केलेलाच नाही. ही पोर्तुगालची १८६७ सालची नागरी संहिता. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, संहिता राहिली. संसदेने १९६२ मध्ये कायदा करून तिथले जुने कायदे चालू ठेवले. वारसाहक्काचा भाग पुढे गोव्याने स्वतःच्या नव्या कायद्यात घेतला. मुलगा-मुलगी समान वारस, मग घर हिंदूचं असो, ख्रिश्चनाचं की मुसलमानाचं. आणि मृत्युपत्र करून मुलांना पूर्ण बेदखल करता येत नाही, निम्मा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो. आपल्याकडे हिंदू बापाने स्वतः कमावलेलं सगळं एकट्या मुलाच्या नावे लिहून ठेवलं, तर मुलगी काय करणार?

आता दुसरी बाजू. 'गोव्यात सगळ्यांना एकच कायदा' हे वाक्य पूर्ण खरं नाही. कॅथलिकांना नागरी निबंधकाचा ना-हरकत दाखला घेऊन चर्चमध्ये लग्न लावता येतं, इतरांना निबंधकासमोरच जावं लागतं. १८८० च्या एका हुकमाने हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा होती: पहिल्या बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नाही, किंवा तिसाव्यापर्यंत मुलगा नाही. मुसलमानांना मात्र नाही! ही तरतूद आता कोणी वापरत नाही म्हणतात, पण लिहिली गेली होती हे खरं. मूळ संहितेत मालमत्ता दोघांची असली तरी कारभार नवऱ्याकडेच होता. मग अर्ध्या वाट्याची किल्ली कुणाच्या खिशात?

अजून एक, हे नीट ऐका. तिथे नोंदणीच्या लग्नाला दोन सह्या लागतात. पहिली लग्न करायचंय म्हणून, दुसरी काही दिवसांनी पक्की. काही जोडपी पहिली सही करतात, मग हॉल, मेहंदी, पंगत, आणि दुसरी सही राहून जाते. कायद्याच्या नजरेत लग्न झालेलंच नसतं. हे बाईला कळतं कधी, तर भांडण झाल्यावर.

उत्तराखंडाने २७ जानेवारी २०२५ पासून आपला समान नागरी कायदा लागू केला. अनुसूचित जमाती त्यातून वगळल्या. लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली, म्हणजे कोण कुणाबरोबर राहतं हे सरकारला कळवा. मुलगा-मुलगी समान, एकापेक्षा जास्त लग्नं बंद, हे चांगलंच. पण गोव्यातला तो अर्धा वाटा? तो घेतला नाही. मृत्युपत्रावरची मर्यादाही नाही. उलट मुस्लिम कायद्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, ते कुंपणही तिथे गेलं.

त्यामुळे कोणी विचारलं की तू बाजूने की विरोधात, तर मी आधी मसुदा मागतो. त्यात घर कुणाचं लिहिलंय ते बघतो.

मावशीने परवा विचारलं, "आपल्याकडे कधी येणार रे तो अर्ध्याचा कायदा?" मी म्हटलं, जो येईल म्हणतायत त्यात तो आहे की नाही, तेच कोणी सांगत नाहीये. ती म्हणाली, "मग तू विचार की."

तर विचारतोय. तुमच्या घरी सातबारावर, फ्लॅटच्या करारावर कुणाची नावं आहेत, बघून कळवा. पुढच्या भागात हक्कसोडपत्रावर बोलू.