डोक्यास व देहास विसावा
(उमरगा तालुक्यातील मुरूम येथे प्राथमिक शिक्षकांपुढे करावयाच्या भाषणाचा मजकूर)



चैत्र-वैशाखात मुरूमच्या परिसरात दहाच्या सुमारासच ऊन डोक्यावर चढते. त्यासाठी शाळा सकाळची होते आणि नेमकी याच दिवसांत "गुरुजी, डोके दुखते" ही तक्रार वर्गावर्गांतून ऐकू येते. तिला बहुधा दोन उत्तरे मिळतात : "नाटके करू नकोस," हे एक आणि गोळी हे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईची होत.

घरी चूल पेटून भाकरी भाजली जाण्याआधीच शाळेची घंटा होते. कित्येक मुले नुसत्या चहावर आलेली असतात. उपाशी पोटी डोके दुखावयाचेच. मुलींची गोष्ट आणखी वेगळी आहे. शाळेच्या शौचालयास कडी नसेल किंवा आत पाणी नसेल, तर शहाणी मुलगी सकाळपासून पाण्यास शिवत नाही. मग घरी जाण्याच्या वेळेस तिचे कपाळ ठणकू लागते. तिला बामाची डबी देणे हा उपचार नव्हे. कडी बसविणे हा उपचार होय. काहींचे दुखणे डोळ्यांत असते. फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करणारे मूल मठ्ठ ठरविले जाते, आणि चष्म्याऐवजी छडी त्याच्या वाट्यास येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक तपासणीस आले की अशा मुलास सर्वांआधी पुढे करावे.

ताप, वांती व मान ताठणे यांसह डोके दुखत असेल, अथवा मूल पडल्यानंतर दुखत असेल, तर कोणताही घरगुती उपाय न करता त्यास तात्काळ दवाखान्यात न्यावे.

याखेरीज उरते ती शिणाची डोकेदुखी. मान, खांदे व टाळू यांचे स्नायू तासन् तास आखडून राहिले म्हणजे कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. आजी टाळूवर तेल जिरविते तेव्हा तेल मेंदूपर्यंत पोहोचते, असा समज आहे. तसे काही होत नाही. गुण येतो तो आजीच्या बोटांचा; आखडलेला भाग त्यांनी सैल पडतो.

महाराष्ट्राने व्यायामास मोठा मान दिला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. विसाव्यास मात्र तो मान लाभला नाही. स्वस्थ पडलेला मनुष्य आपल्याकडे आळशीच समजला जातो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांकडून शवासनाचा अभ्यास करविला. ते निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले. अनेकांचा दाब उतरला, काहींचे औषध कमी करता आले, तर काहींस गुण आला नाही. हा शेवटचा भाग सांगावयास लोक विसरतात. ज्या शिक्षकास रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याने शवासन अवश्य करावे. परंतु वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळी सोडू नये.

वर्गात ते करविण्यास सतरंजी पुरे. मुलांनी उताणे निजावे, पाय किंचित फाकवावे, तळवे आकाशाकडे असावेत. शिक्षकाने मंद स्वरात पायाची बोटे, पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे, जबडा, कपाळ अशी एकेका अवयवाची नावे घ्यावीत, आणि तो तो भाग मुलांनी ढिला सोडावा. श्वास मुद्दाम खोल ओढू नये. तो येतो-जातो तेवढे पाहावे. पहिले दोन दिवस हसू फुटेल, फुटू द्यावे. एखादे मूल झोपी गेल्यास त्यास रागे भरू नये. रात्री त्याची झोप का झाली नाही हे मागाहून एकटे गाठून विचारावे. लग्नसराईत मांडवातील कर्णे रात्री उशिरापर्यंत चालू असतात, तेव्हा उत्तर काय मिळेल हे शिक्षकास ठाऊकच असते. पाच मिनिटांनी मुलांनी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन सावकाश उठावे, पाण्याचा एकेक पेला प्यावा आणि मग गणिताची वही उघडावी.