मोठेपणी कोण होणार, आणि येत्या शनिवारी काय करणार?



"मोठेपणी कोण होणार?" हा प्रश्न आपण सारेच मुलांना विचारतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तो चौथीच्या वर्गात विचारला. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर अशी उत्तरे आली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उभा राहून गप्पच राहिला. "आयुष्यात काही ध्येय नको का?" म्हणून मी त्याला सर्वांदेखत रागावलो. वर्ग हसला. पुढचे चार दिवस तो शाळेत आला नाही.

पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने सांगितले की घरात दखनी बोलतात. वर्गात मराठी चुकली की मुले हसतात, म्हणून तो तोंडच उघडत नाही. म्हणजे ध्येयाचा प्रश्न नव्हता, बोलण्याच्या धाडसाचा होता. आणि ते धाडस देणे हे माझेच काम होते.

त्या दिवसापासून वर्गात दोन नियम केले. कोणाच्या चुकीला हसायचे नाही आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचे नाही. पाढे जसे रोज म्हणून येतात, तसेच आपली पाळी येईपर्यंत थांबणे, न समजलेले विचारणे, चूक कबूल करणे हेही रोजच्या सरावानेच येते. नुसत्या उपदेशाने येत नाही.

शिवाय दर शनिवारी प्रत्येकाने पुढच्या आठवड्याचे एकच उद्दिष्ट वहीत लिहायचे ठरले. "हुशार होईन" असे नव्हे, तर "सातचा पाढा न अडखळता म्हणेन" असे. जे झाले की नाही ते मुलाला स्वतःलाच कळेल. त्या मुलाने लिहिले, "एस.टी. स्टँडवर जिंतूरच्या गाडीची वेळ मराठीत विचारीन." पहिल्या शनिवारी ते जमले नाही. खिडकीतला माणूस पाहिला की शब्दच आठवत नाहीत, असे तो म्हणाला. मग वर्गातच खिडकी मांडली. एक मुलगा कंट्रोलर झाला, बाकीचे रांगेत उभे राहिले. पुढच्या आठवड्यात तो वडिलांबरोबर स्टँडवर गेला. वडील लांब उभे राहिले, त्याने स्वतः विचारले आणि गाडीची वेळ वर्गाला येऊन सांगितली. कोणी हसले नाही.

ही काही माझी नवी कल्पना नाही. डॉ. झाकीर हुसेन यांचा जन्म 1897 साली हैदराबादेत झाला. आपले परभणीही तेव्हा त्याच संस्थानात होते. ते कुलगुरू असताना दिल्लीच्या जामिया मिल्लियाच्या प्राथमिक शाळेत मुले स्वतः दुकान आणि बँक चालवीत. दुकानात हिशेबही येतो आणि गिऱ्हाइकाशी बोलणेही येते. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेने नेमलेल्या शिक्षण समितीचे तेच अध्यक्ष होते. हाताने काम करीत शिकणे हा त्या योजनेचा गाभा होता. पुढे 1967 साली ते राष्ट्रपती झाले.

पालकहो, 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. कायदा मुलाला बाकापर्यंत आणतो. पण न समजलेले विचारता आले नाही तर ते मूल बाकावर बसूनच मागे पडते आणि एक दिवस दप्तर टाकून दुकानात कामाला लागते. म्हणून माझी विनंती आहे. रेशन दुकानात, पोस्टात, दवाखान्यात जाताना मुलाला बरोबर न्या, मुलीलाही न्या, आणि बोलणे त्यांनाच करू द्या. भाषा चुकली तर हसू नका. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. ठरवलेले जमले नाही तर उद्दिष्ट लहान करा, मुलाला लहान करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, मोठी स्वप्ने जरूर पाहा. पण येत्या शनिवारी काय करणार, तेही आज वहीत लिहा.

तो मुलगा आज आठवीत आहे. तो कलेक्टर होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण समजले नाही की तो हात वर करतो.