गावाच्या निवडणुकीचा पंच



विधानसभेला निवडून आलेला उमेदवार मुंबईला जातो. ग्रामपंचायतीत मात्र जिंकणारा आणि हरणारा एकाच गल्लीत राहतात, एकाच पारावर भेटतात. पुष्कळदा ते एकाच भावकीतले असतात. म्हणून या निवडणुकीचा पंच निःपक्षपाती असणे, ही कायद्याइतकीच गावाच्या एकोप्याचीही गरज आहे.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने ही जबाबदारी प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र निवडणूक आयोगाकडे सोपविली. राज्य निवडणूक आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात. परंतु त्याला पदावरून दूर करायचे, तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागू असलेलीच पद्धत अनुसरावी लागते. हे संरक्षण मतदाराच्या हक्कासाठी आहे.

गोव्यात याचा विसर पडला. तेथे शासनाच्या विधी सचिवांकडेच आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला होता. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार घटनाबाह्य ठरविला. शासनाचा सेवक शासनापासून स्वतंत्र निर्णय कसा घेणार, हा त्यामागचा साधा प्रश्न होता.

त्याच वर्षीच्या जानेवारीत महाराष्ट्रात आयोगाच्या स्वातंत्र्याचा उपयोग दिसला. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बिनविरोध निवड स्वागतार्हच; पण ती सहमतीतून व्हावी, बोलीतून नव्हे. लिलावाचा पैसा देवळाला दिला, तरी ज्याच्यापाशी पैसा नाही, त्या गावकऱ्याचा उमेदवारीचा हक्क हिरावला जातोच.

आयोगाचे हे बळ गावापर्यंत पोहोचते, ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातून. एरवी तो शासनाचा कर्मचारी. निवडणुकीच्या काळात मात्र तो आयोगाच्या नियंत्रणाखाली काम करतो. अर्जांची छाननी, चिन्हांचे वाटप, निकालाची घोषणा, ही सारी कामे त्याचीच. छाननीत त्याच्या एका शेऱ्याने उमेदवारी बाद होऊ शकते आणि निकालानंतर निवडणूक याचिकेचा मार्ग असला, तरी गेलेला काळ परत मिळत नाही.

म्हणून कार्यकर्त्याने ओळखीच्या अधिकाऱ्याकडून सवलतीची अपेक्षा धरू नये. निर्णय विरोधात गेला, तर लेखी कारणे मागावीत, कायदेशीर दाद मागावी. दमदाटी कदापि करू नये. आज आपल्या बाजूने झुकलेला पंच उद्या दुसऱ्याच्या बाजूने झुकेल, आणि तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आपणच गमावलेला असेल.