पन्नास नावं कोणाची?
(तालुका शिबिरात केलेले भाषण)



रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याचा पैसा कुठून येतो? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापतात, तो यात येतो. आणखीही काही कर आहेत. मूळ कायद्यात जेवढे जमतील तेवढीच भर सरकारने घालायची होती. म्हणजे ज्यांनी आपला पाडा कधी बघितला नाही, त्यांच्या पैशातूनही आपली मजुरी निघते.

हे काही आपल्यावरच्या मायेपोटी झालेलं नाही. १९७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला बसली. उपाशी माणसं शहरात लोटतील ही धास्ती होती. जमीनवाल्यांना बंधारे, रस्ते, पाझर तलाव हवे होते. पण कायदा जात विचारत नाही. खेड्यातला जो प्रौढ माणूस अंगमेहनतीला तयार, त्याला काम. म्हणून सगळ्या जातींचे गरीब त्याच्या बाजूने उभे राहिले. एकाच जमातीची योजना असती तर बाकीचे म्हणाले असते, यांचेच लाड चाललेत.

आता आपल्याकडे बघू. नवीन काम काढायला निदान ५० मजूर लागायचे. कातकरी वाडीत वीस निघायचे, वारली पाड्यात पंचवीस, कोकणा पाड्यात पंधरा. वारली म्हणतात, कातकऱ्यांबरोबर नको. कोकणा म्हणतात, आमचं आम्ही बघू. गरीब कुणब्याला तर कोणी विचारतच नाही. तीन अर्ज जायचे, तिन्हींना उत्तर एकच : पन्नास भरत नाहीत. मग दिवाळी झाली की उचल घ्यायची आणि वीटभट्टीवर जायचं. आपल्या भांडणात फायदा भट्टीवाल्या शेठचा.

एकसाली प्लॉटच्या मोर्चात आपण जमात विचारली नाही. मग कामाच्या अर्जावर का विचारतो? शेजारच्या वाडीचा हक्क आपल्याला दिसत नसेल, तर मुंबईवाल्याला आपला हक्क कसा दिसणार? तो उद्या म्हणेल, आमच्या करावर यांना कशाला पोसायचं. तेव्हा ही भीक नाही, घामाची मजुरी आहे, असं सगळ्यांनी मिळून सांगायला पाहिजे.

म्हणून आज ठरवू या. अर्ज एकच, नावं सगळ्या पाड्यांची. बायांची नावं वेगळी लिहायची, नवऱ्याच्या नावात घालायची नाहीत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही. १५ दिवसांत काम निघालं नाही तर बेकारभत्ता मागायचा, आणि तोही सगळ्यांनी एकत्र जाऊन.

जिंदाबाद!